लीड्सला येण्याआधी कोणतं इंग्रजी शिकावं?

ताई, सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन तुम्ही लीड्सला येणार, शिक्षण मराठी माध्यमातलं, वाचलेलं कळतं पण बोलताना अडतं. तर रोज वीस शब्द पाठ करू का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणेन, नको. वाचून कळतं म्हणजे शब्द तुमच्याकडे आहेत. हवीत ती तोंडात बसलेली अख्खी वाक्यं, आणि इथल्या बोलण्याला सरावलेला कान.

पहिलं वाक्य समोरच्याला थांबवायचं: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ बिट स्लोअर?" कळलं नसताना "यस, यस" म्हणू नका. कोणी राग मानत नाही.

सगळ्यात जास्त तयारी डॉक्टरांच्या फोनची करा. फॅमिली डॉक्टरला इथे जीपी म्हणतात आणि त्यांच्या दवाखान्याला सर्जरी. ऑपरेशनशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच ठिकाणी सकाळी आठला फोन लावावा लागतो आणि काय होतंय ते आधी रिसेप्शनिस्टलाच सांगावं लागतं. जन्मतारीख, पोस्टकोड, आडनावाचं स्पेलिंग हे न अडखळता सांगता यायला हवं. फोनवर व्ही आणि बी सारखेच ऐकू येतात, म्हणून "व्ही फॉर व्हिक्टर" असंच म्हणा. दुखणंही नेमकं सांगा. मराठीत आपण ठणकतंय, चमक येतेय, आग होतेय असं वेगवेगळं बोलतो आणि इंग्रजीत सगळ्याला 'पेन' म्हणून मोकळे होतो. थ्रॉबिंग, शूटिंग, बर्निंग हे तीन शब्द मात्र जरूर पाठ करा. "फ्रॉम थ्री डेज" नव्हे, "फॉर थ्री डेज". 'लूज मोशन्स' इथे लगेच कळेलच असं नाही, 'डायरिया' म्हणा. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर 111, जिवावरचं असेल तर 999.

शाळेकडून 'इनसेट डे'चा निरोप आला तर त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण असतं आणि मुलांना सुट्टी. मुलाला मित्राच्या घरी 'टी'ला बोलावलं, तर यॉर्कशरमध्ये, म्हणजे लीड्सच्या भागात, ते बहुधा संध्याकाळचं जेवण असतं. तो काय खात नाही ते आधीच कळवा. दुकानातली बाई "लव्ह" म्हणाली तर अवघडू नका, ती सगळ्यांनाच म्हणते. "यू ऑलराइट?" म्हणजे तब्येतीची चौकशी नव्हे, "यस थँक्स, यू?" एवढं पुरतं. 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच.

आतापासून बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे कार्यक्रम ऐका, फुकट आहेत. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्याने म्हणायचं. मनात म्हटलेलं धरू नका. इथे आलात की कॉलेजांत ईसॉलचे, म्हणजे परभाषिकांसाठी इंग्रजीचे वर्ग असतात. फी व्हिसावरही अवलंबून असते, म्हणून नाव घालण्याआधी विचारून घ्या.