दोन मीटर, दोन आकडे आणि एक तुरट लागर

प्रश्न: काकू, मी मिलवॉकीला राहतो. चार वर्षं घरी बिअर करतोय. आतापर्यंत एल (उबेत आंबणारी बिअर) करायचो, या हिवाळ्यात पहिल्यांदा पिल्सनर, म्हणजे थंडीत आंबणारी फिकट लागर लावली. 20 लिटरची बॅच, साडेचार किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), साझ हॉप्स. मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेलं माल्ट, 66 अंश सेल्सिअसला ठेवलं आणि माझा पेनसारखा स्वस्त पीएच मीटर थेट भांड्यात बुडवला. 5.4 आलं. मॅशला 5.2 ते 5.6 हवा असं सगळीकडे वाचलेलं, त्यामुळे मी खूश. तेवढ्यात मित्र आला. त्याने त्याच भांड्यातलं थोडं वाटीत काढून गार केलं आणि आपल्या महागड्या मीटरवर मोजलं, तर 5.7. कागदाची पट्टी लावली तर ती 5 म्हणाली. नंतर माल्ट धुवायला नळाचंच पाणी 82 अंशांपर्यंत तापवून ओतलं. दोन महिने थंडीत ठेवून बाटली उघडली, तर घोट गिळल्यावर जिभेवर काढा प्यायल्यासारखा तुरटपणा राहतो. मीटर फेकून देऊ का? खोक्यावर तर एटीसी (तापमानाप्रमाणे आपोआप दुरुस्ती) आहे असं लिहिलंय.
(एक वाचक, मिलवॉकी)

उत्तर: फेकू नका. तुमचा मीटरही खरं बोलत होता आणि मित्राचाही. तुम्ही दोघांनी दोन वेगवेगळे प्रश्न विचारलेत.

मॅश गरम असतं तेव्हा त्याचा पीएच खरोखरच कमी असतो. 65 अंशांच्या आसपास तो गार नमुन्यापेक्षा साधारण 0.3 ने खाली असतो, कारण तापलेल्या द्रावणात आम्लं जास्त सुटी होतात. शुद्ध पाण्याचंच बघा. 25 अंशांना त्याचा पीएच 7, पण 60 अंशांना जवळपास 6.5. म्हणून ते पाणी आंबट झालं का? नाही, तेव्हाही ते उदासीनच असतं. तुमचे 5.4 अधिक 0.3 म्हणजे मित्राचे 5.7. इतका जुळणारा हिशेब आमच्या प्रयोगशाळेत आला असता तर आम्ही त्या दिवशी चहा मागवला असता.

आता ते एटीसी. या तीन अक्षरांनी जेवढा घोळ घातलाय तेवढा एकाही यीस्टने घातला नसेल. इलेक्ट्रोडच्या काचेच्या बल्बवर जो सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, तो 25 अंशांना पीएचच्या एका अंकामागे सुमारे 59 मिलिव्होल्ट असतो. 65 अंशांना तोच 67 मिलिव्होल्ट होतो. एटीसी हा फरक दुरुस्त करतं, बस. म्हणजे ते मीटरची चूक सुधारतं, तुमच्या मॅशच्या रसायनाला हात लावत नाही. भांड्यात 66 अंश असतील तर ते तुम्हाला 66 अंशांचाच खरा पीएच सांगेल, 25 चा नाही. आणि तुम्ही ज्याच्याशी ताडून पाहिलंत तो 5.2 ते 5.6 हा पट्टा गार केलेल्या नमुन्याचा आहे. यापुढे कुठलाही आकडा वाचलात की तो कुठल्या तापमानाचा आहे हे आधी बघा. तापमान दिलेलंच नसेल तर तो आकडा वापरू नका.

तर तुमचं मॅश 5.7 वर होतं, आणि तसं ते असणारच होतं. पिल्सनर माल्ट इतकं फिकट भाजलेलं असतं की त्याच्या अंगात आम्ल फारसं नसतं. तुमच्या नळाला येणाऱ्या मिशिगन सरोवराच्या पाण्याची क्षारीयता दर लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आसपास. ती असलेलं आम्लही खाऊन टाकते. योझेफ ग्रोल यांनी 1842 मध्ये पिल्झनला ती सोनेरी लागर केली, त्यात माल्ट आणि यीस्टइतकंच तिथल्या अतिशय मऊ पाण्याचं श्रेय आहे. म्यूनिचचं पाणी कार्बोनेटवालं, तिथे काळपट लागर रुजली, कारण गडद भाजलेलं माल्ट स्वतःचं आम्ल घेऊन येतं आणि हिशेब बसतो. तुम्ही पिल्झनची बिअर म्यूनिचच्या वळणाच्या पाण्यात करायला गेलात.

तरी 5.7 ने बिअर थोडी जाड, थोडी मंद झाली असती, काढा झाली नसती. काढा झाला तो धुण्याच्या पाण्यामुळे. हे धुणं, म्हणजे स्पार्जिंग, करताना गोड रस निघून जातो आणि भांड्यात उरतं ते टरफल. त्यावर क्षारीय पाणी ओतलं की पीएच 6 कडे सरकतो, आणि वर तुमचे 82 अंश! टरफलातलं तुरट टॅनिन बाहेर यायला याहून चांगली सोय नाही. चहाची पावडर तासभर उकळत ठेवली तर काय होतं, तेच. धुण्याचं पाणी 76 अंशांच्या वर नेऊ नका, त्यातही थोडं लॅक्टिक ॲसिड घालून ते गार नमुन्यावर साडेपाचच्या आसपास आणा, आणि उतरणारा रस पाणचट लागायला लागला की हावरटपणा सोडून नळी बंद करा.

पुढच्या बॅचला मॅशमध्ये दोनपैकी एक करा. एक, ॲसिड माल्ट. 1516 च्या बव्हेरियन शुद्धतेच्या नियमाला मानणाऱ्या जर्मन ब्रुअरना बाटलीतलं ॲसिड ओतणं चालत नाही, म्हणून ते माल्टवरच लॅक्टिक आम्ल तयार करवून घेतात. पळवाट म्हणा, मला ती आवडते. एकूण माल्टच्या 1 टक्का घातलं की पीएच साधारण 0.1 ने उतरतो. तुम्हाला 0.3 हवंय, म्हणजे 3 टक्के, म्हणजे 135 ग्रॅम. किंवा दोन, 88 टक्क्यांचं लॅक्टिक ॲसिड: आधी 3 मिलिलिटर, नीट ढवळा, दहा मिनिटं थांबा, मोजा, मग लागलं तर एकेक मिलिलिटर. एकदम ओतू नका, काढून घेता येत नाही.

आता मोजायचं कसं ते जरा जवळून सांगते, कारण सगळं गाडं इथेच अडतं.

माल्ट पाण्यात कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पळीभर मॅश गाळून स्टीलच्या वाटीत घ्या. काचेची वाटी नको, ती गार व्हायला वेळ लावते. ती वाटी बर्फाच्या पाण्याच्या ताटलीत ठेवून चमच्याने फिरवत राहा, दोन-तीन मिनिटांत नमुना 25 अंशांवर येतो. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा. टोकाला एक थेंब लोंबकळत राहील, तो टिश्यूच्या कडेने टिपून घ्या. पुसू नका. बल्बची काच साबुदाण्याच्या पापडासारखी पातळ, घासली की तिच्यावर विद्युतभार बसतो आणि आकडा मिनिटभर भरकटतो. मग नमुन्यात बुडवून हलकेच एकदा ढवळा आणि हात बाजूला. पहिला आकडा घ्यायचा नाही. तीस सेकंद हलला नाही तो आकडा आपला.

हे सगळं करण्याआधी, त्याच दिवशी, दोन बफरवर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, मीटर जुळवून घ्यायचा, म्हणजेच कॅलिब्रेशन. 7 आणि 4. तुमचा 5.4 या दोघांच्या मधे बसतो. पेनबरोबर बफरच्या तीन पुड्या येतात, 4.00, 6.86 (7 च्या जागी हीच) आणि 9.18. तिसरी बिअरला लागत नाही, बाजूला ठेवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ते द्रावण आपोआप खाली घसरतं. आणि पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून मीटर तेवढा अचूक आहे असं समजू नका. स्वस्त पेन 0.1 इकडेतिकडे असू शकतो आणि तरीही ऐटीत 5.43 दाखवतो.

हे मी शहाणपणाने नाही, खोड मोडून शिकले. वाळूजच्या एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत नवीन होते तेव्हाची गोष्ट. आठवडाभर माझ्या सगळ्या वर्टचे, म्हणजे मॅशमधून गाळलेल्या गोड रसाचे, आकडे वरिष्ठांच्या आकड्यांपेक्षा वेगळे यायचे. मी इलेक्ट्रोडला दोष दिला, माल्टला दिला, मे महिन्याच्या उन्हाला दिला. शेवटी वरिष्ठ बाई येऊन माझ्या टेबलावरची 4 च्या बफरची बाटली उजेडात धरून बसल्या. तळाला कापसाच्या पिंजलेल्या तंतूसारखी बुरशी तरंगत होती. त्या बफरला बुरशी धरते हे मला माहीतच नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "पीएच मोजतेस की पत्रिका बघतेस?" तेव्हापासून वापरलेलं बफर मी परत बाटलीत ओतत नाही, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिते.

पट्टीचं म्हणाल तर, अर्ध्या अंकाच्या टप्प्याने रंग बदलणारी पट्टी 5.4 आणि 5.7 मधला फरक सांगणार कशी? त्यात वर्टचा स्वतःचा तपकिरी रंग आणि स्वयंपाकघरातला पिवळा दिवा. ती पट्टी तुम्ही मुलांना शाळेच्या प्रयोगाला द्या.

उरलेल्या बाटल्या अजून महिनाभर शून्य ते दोन अंशांत ठेवून बघा. टॅनिन प्रथिनांना चिकटून थोडं तळाशी बसतं. थोडंच.

(जाता जाता: पीएच ही मोजपट्टीच मुळी बिअरवाल्यांच्या घरात जन्मली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी 1909 मध्ये ती मांडली. लागरच्या यीस्टचं शुद्ध बियाणं एमिल हानसेन यांनी 1883 मध्ये वेगळं केलं तेही तिथेच. तेव्हा तुमचं नि मित्राचं भांडण अगदी योग्य घराण्यातलं आहे.)

प्रश्न: ताई, तयार लागरचा पीएच मोजताना आकडा थांबतच नाही, 4.1, 4.2, 4.3 असा चढत राहतो. मीटर वापरून झाल्यावर मी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून स्वच्छ ठेवते.
(एक वाचक, ऑकलंड)

उत्तर: तुमची दोन दुखणी आहेत. चढणारा आकडा बहुतेक कार्बन डायऑक्साइडचा. बिअरमधला वायू निघत जातो तसा पीएच वर सरकतो. मोजण्याआधी बिअर एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात, पुन्हा पहिल्यात, अशी पंधरा-वीस वेळा उंचावरून ओता, चहावाला करतो तशी. फेस मरू द्या. मग आकडा बसेल. नेहमीच्या लागरला तो 4.2 ते 4.6 च्या दरम्यान असावा.

दुसरं दुखणं तुमच्या स्वच्छतेचं. डिस्टिल्ड वॉटर धुण्यासाठी, मुक्कामासाठी नाही. ते इलेक्ट्रोडच्या आतले क्षार हळूहळू ओढून घेतं. साठवणीला पोटॅशियम क्लोराइडचं 3 मोलर द्रावण हवं: 22.4 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घेऊन डिस्टिल्ड वॉटरने 100 मिलिलिटरपर्यंत भरायचं. टोपणात चमचाभर पुरतं. ते घरात नसेल त्या दिवशी 4 चं बफर चालेल. बल्ब कोरडा पडला असेल तर याच द्रावणात रात्रभर भिजत घाला. सकाळी 7 आणि 4 मध्ये तो मिनिटभरातही स्थिर होत नसेल, तर त्याचं आयुष्य संपलं. इलेक्ट्रोड जेमतेम एक-दोन वर्षांचे सोबती, त्यावर जीव लावू नये.

प्रश्न: काकू, मी नाशिकला बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतला मामेभाऊ घरी लागर करतो. मलाही होस्टेलवर करून बघायचीय, अगदी पाच लिटर.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: नको रे. तुझ्या मामेभावाच्या देशात 1978 च्या कायद्याने घरच्या घरी बिअर करायला परवानगी दिली आहे, वर्षाला एका प्रौढामागे 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असले तर 200, आणि विकायची नाही. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य करणं हा गुन्हा, मग ते पाच लिटर असो की पाचशे. पुण्यामुंबईतल्या मायक्रोब्रुअरी परवाना काढून करतात. शिवाय होस्टेलच्या खोलीत 10 अंश तापमान तीन आठवडे कुठून आणणार आहेस?

पण पीएच शिकायला लागरच कशाला हवी? स्वस्तातला पेन घे, दोन बफर घे आणि आंबील लाव. नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेव, दर दोन तासांनी मोज. किंवा दही. कोमट दुधाला विरजण लावलंस की पीएच साडेसहाच्या वरून उतरायला लागतो, आणि 4.6 जवळ येईपर्यंत दही घट्ट बसलेलं असतं, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन तिथे विरघळलेलं राहत नाही. आलेख काढ. थंडीतल्या दह्याचा आणि एप्रिलमधल्या दह्याचा वेगळा येईल.

आकडे मला पाठव. प्रत्येकाशेजारी तापमान लिहून.