विमानाला क्षेपणास्त्र लागलं तरी दावा करणार नाही, असं लिहून द्यायचं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, एमबीबीएससाठी रशियाला निघालाय. सोयाबीन विकून पहिला हप्ता भरला. आता एजंट म्हणतो, वाटेत विमानाला क्षेपणास्त्र लागून काही झालं तर कोणावरही दावा करणार नाही, असं पाचशेच्या बाँडवर लिहून द्या. सही करू का?

भाऊ, करू नका. हप्ता बुडेल म्हणाला तरी नाही.

तुमची भीती खरी आहे. २५ डिसेंबर २०२४ ला बाकूहून ग्रोझनीला निघालेलं अझरबैजानचं विमान कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळलं. ६७ पैकी ३८ जण गेले. रशियाची हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं त्या विमानाजवळ फुटल्याचं पुतिन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतः मान्य केलं.

पण त्या बाँडमध्ये दम नाही. मुलगा सज्ञान आहे. त्याचा हक्क बापाच्या सहीने जात नाही. परदेशी विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार भारत आणि रशिया दोघांनाही लागू आहे, आणि विमान कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी अट त्यात रद्दबातल आहे. कोर्टाची वाटच बंद करणारा करार आपल्या करार कायद्याच्या कलम २८ पुढेही टिकत नाही. मग कागद कशाला? उद्या "तुम्हीच लिहून दिलं होतं" म्हणून तुम्हाला गप्प बसवायला.

क्षेपणास्त्र दुसऱ्याने सोडलं म्हणून कंपनी आपोआप सुटत नाही. ठरावीक रकमेपर्यंत तिची चूक सिद्ध करावीच लागत नाही. त्यापुढे आपला निष्काळजीपणा नव्हता हे तिने दाखवायचं. ८ जानेवारी २०२० ला तेहरानजवळ इराणच्या क्षेपणास्त्रांनी युक्रेनचं विमान पाडलं, १७६ जीव गेले. तरी कॅनडातल्या ओंटारिओच्या न्यायालयाने २०२४ मध्ये विमान कंपनीलाही निष्काळजी ठरवलं, कारण धोका नीट न तपासता तिने उड्डाण केलं. क्षेपणास्त्र सोडणाऱ्या देशावर मात्र आपल्या कोर्टात जायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार केंद्र सरकारची संमती लागते, आणि ती मिळणं कठीण.

म्हणून तिकिटाकडे लक्ष द्या. नागपूर ते नागपूर, जाण्या-येण्याचं, एकाच बुकिंगवर काढा. मग शेवटचं ठिकाण नागपूर धरलं जातं आणि दावा भारतात लावता येतो. मुदत फक्त दोन वर्षं. प्रवास विम्यात युद्ध वगळलंय का, तेही एजंटाऐवजी दुसऱ्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या.

बाँडचा मसुदा व्हॉट्सॲपवर मागवा, पैशांच्या पावतीसोबत जपा. सही नाही म्हणून त्याने प्रवेश अडवला, तर हेच दोन कागद घेऊन यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं.