समुद्रातला सायनोबॅक्टेरियाचा तवंग चार-दोन दिवसांत अचानक नाहीसा कसा होतो?

सायनोबॅक्टेरिया म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू. आम्हा नागपूरकरांना असा तवंग माहीत असतो तो फुटाळा तलावाच्या काठचा, हिरवागार. अरबी समुद्रातला ट्रायकोडेस्मियम नावाचा सायनोबॅक्टेरिया वेगळा: साधारण फेब्रुवारी ते मे, वारा पडला आणि पाणी तापलं की लाकडाच्या भुश्शासारखे तपकिरी पट्टे तरंगतात. तो हवेतला नायट्रोजन वापरू शकतो, त्यामुळे त्याची उपासमार होते ती लोह आणि फॉस्फरसची.

बहुतेकांना वाटतं, खाऊन टाकत असतील कोणीतरी. मॅक्रोसेटेला नावाचा इवलासा कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतला तरंगता जीव) तो खातो खरा, पण एवढा तवंग फस्त करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. खरी गंमत पेशीच्या आत आहे. लोह किंवा फॉस्फरस संपत आलं, की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. माणसाच्या पेशींत ठरवून मरण घडवणाऱ्या कॅस्पेझ या एन्झाइमांशी नातं सांगणारी एन्झाइमं जागी होतात, आतली प्रथिनं तोडतात, प्रकाश पकडणारी पटलं विस्कटतात. पेशीला तरंगत ठेवणारे वायूचे सूक्ष्म फुगेही नाहीसे होतात आणि उरलेला सांगाडा खाली बसू लागतो. एका जिवाणूने ‘आत्महत्या’ करावी, हे मला अजूनही अजब वाटतं. विषाणूही पेशी फोडतात, आणि जोराचा वारा सुटला तर तवंग तसाच विखुरतो.

पेशी फुटल्या की लाल रंगद्रव्य पाण्यात उतरतं. कधी कधी पाणी गुलाबी दिसतं आणि घाण वास सुटतो. सुटलेला नायट्रोजन इतर जिवाणू आणि शेवाळं लगेच उचलतात. किनाऱ्याजवळ कुजणं फार झालं तर ऑक्सिजन घटून मासेही मरतात.