अजय-अतुल म्हणजे नुसता गोंगाट? आधी नीट ऐका तरी

भावा, तू विचारलंस की घरात काका आणि कॉलेजातले मित्र सगळेच म्हणायलेत, अजय-अतुल म्हणजे चार ढोल आणि आरडाओरडा, सगळी गाणी एकाच साच्यातली, दोघं कुठं शिकलेले नाहीत, लोकसंगीताची वाट लावली आणि आता स्वतःचीच गाणी हिंदीत विकायलेत, तर ह्यात खरं किती. उत्तर लांब होणार, ह्या विषयावर मला थोडक्यात बोलताच येत नाही. मी सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, लग्न, जत्रा, गणपती, जयंती सगळीकडं, बरीच वर्षं झाली, आणि ही गाणी मी एकेक सूर शोधून बसवलेली आहेत. त्यामुळं कुणी उठून 'गोंगाट' म्हटलं की राग येतो, खरंच येतो.

पहिलं म्हणजे हे म्हणणाऱ्यांनी ती गाणी ऐकली कुठं ते विचार. बहुतेकांनी झिंगाट ऐकलंय ते विसर्जनाच्या मिरवणुकीत, डीजेच्या भिंतीसमोर, तेही कुणीतरी बेस वाढवून केलेलं रिमिक्स. त्या भिंतीतून छातीवर आदळणारा ठोका सोडला तर काही शिल्लक राहत नाही, बासरी गेली, कोरस गेला, शब्दसुद्धा अर्धे गेले. डीजेविरुद्ध गावात लोक बोलायलेत ते बरोबरच आहे, माझाही त्याला पाठिंबा आहे, पण त्या आवाजाचा हिशोब संगीतकाराकडं कसा मागता? ते मिक्सिंग त्यांनी केलेलं नाही.

आता रात्री एकदा शांतपणे हेडफोन लाव आणि सैराटमधलं याड लागलं ऐक. फक्त सुरुवातीचं म्युझिक आणि मधले पीस, गाण्याकडं लक्षच देऊ नको. सैराटच्या गाण्यांचं ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंग अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालंय, जिथं हॉलिवूडच्या पिक्चरचं म्युझिक वाजतं. ह्याला पण लोक दिखावा म्हणतात. अरे, तिथं काम कसं चालतं ते बघा की. आपल्याकडं वादकाला गुणगुणून दाखवलं तरी तो वाजवून देतो, जागेवर सुधारतो. तिथले वादक समोरच्या कागदावर जे नोटेशन आहे तेवढंच वाजवतात. म्हणजे व्हायोलिननं कुठं चढायचं, चेलोनं त्याच वेळी खाली कुठं जायचं, ब्रासनं किती मात्रा गप्प बसायचं, हे सगळं आधीच डोक्यात ठरवून कागदावर आलेलं पाहिजे. पैसे टाकले की सिंफनी मिळते असं नाही, लिहिलेलंच नसेल तर वाजणार काय? ते गाणं आम्ही स्टेजवर घेतो तेव्हा माझी खरी अडचण हीच होते, स्ट्रिंग्जच्या ओळी एकावर एक इतक्या चालू असतात आणि मला हात दोनच, दर वेळी कुठली ओळ सोडायची ते ठरवावं लागतं, आणि जी सोडतो ती मला सबंध गाणंभर आठवत राहते.

आणि का नको तो ऑर्केस्ट्रा? सैराटचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पिक्चर घडतो तो त्याच मुलखात, ऊस, केळीच्या बागा, विहिरी. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो लागला तेव्हा माझ्यासारख्याला पहिल्यांदा असं झालं की पडद्यावर आपल्याकडच्या पोरासारखं बोलणारं पोरगं पळायलंय आणि त्याच्यामागं अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजायलाय. खेडेगावातल्या पोराच्या प्रेमाला दोन बासऱ्या आणि एक ढोलकी पुरे, असं कुणी ठरवलं? मोठा आवाज काय फक्त परदेशात शूटिंग करणाऱ्या हिरोसाठी राखून ठेवलेला असतो काय. त्याला ज्यांनी गावठी म्हणून नाक मुरडलं त्यांचा मला जास्त राग आहे, कारण तिथं संगीताचा प्रश्नच नसतो, आमच्या बोलण्याचा आणि आमच्या माणसांचा असतो.

सगळी गाणी सारखी, हे तर मला समजतच नाही. अगं बाई अरेच्चा हा एकच पिक्चर घे, २००४ चा. त्यात मल्हार वारी आहे, पूर्ण जागरण-गोंधळाच्या थाटाचं, आणि त्याच पिक्चरमध्ये शंकर महादेवनचं मन उधाण वाऱ्याचे आहे, जे कॉलेजची पोरं आजही गिटारवर म्हणतात. एकाच पिक्चरमधली ही दोन गाणी, ह्यात साचा कुठाय? नटरंगमध्ये वाजले की बारा आणि खेळ मांडला शेजारी शेजारी ठेव. एकात ढोलकी पळती, दुसऱ्यात अजयचा एकटा आवाज देवापुढं उभा राहून जाब विचारल्यासारखा येतो. आमचा गायक खेळ मांडला म्हणायच्या आधी पाणी पितो, कारण वरच्या सुरात पूर्ण श्वास लावून थांबायचंय, किंचाळायचं नाही. ह्याला आरडाओरडा म्हणणाऱ्यानं एकदा स्टेजवर येऊन म्हणून दाखवावं. ओळख पटणं वेगळं रे. दोन सेकंदात हे अजय-अतुलचं आहे हे कळतं, तसं ते नौशाद आणि आरडी बर्मनचं पण कळतं.

शिकलेले नाहीत हे खरंय, रीतसर गुरूकडं शिकलेले नाहीत. दोघा भावांचे वडील महसूल खात्यात, बदलीची नोकरी, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांत बालपण गेलं, घरात संगीताचं वातावरण नाही. मग त्या जत्रा, ती भजनं, ते बँड, हेच कान तयार करत गेलं. इळैयराजांना ते स्वतः उघडपणे मानतात, लोकसंगीताच्या चालीखाली पाश्चात्त्य वाद्यमेळ कसा धरायचा हे ज्यांनी दक्षिणेत आधीच करून दाखवलं त्यांना मानलं तर त्यात लपवण्यासारखं काय आहे, आणि कॉपी कुठली? गोंधळात वाजणारा संबळ काय इळैयराजांकडून आणला?

लोकसंगीताची वाट लावली म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो, तुम्ही शेवटचा गोंधळ कधी बसून ऐकलात? तुळजापूर आपल्यापासून तासाभरावर. संबळ, तुणतुणं, झांज, ते गोंधळी रात्र रात्र उभे राहतात. जोगत्यांचं चौंडकं, ते तारेचं वाद्य, तर शहरातल्या कितीतरी लोकांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं. तो बाज जोगवा पिक्चरमधल्या लल्लाटी भंडार गाण्यातनं आख्ख्या महाराष्ट्राच्या कानावर गेला. आमच्या कार्यक्रमात हलगीवाला साईडला उभा असायचा, एखाद्या एंट्रीपुरता. आता गोंधळाच्या किंवा सैराटच्या गाण्याला तो पुढं येतो आणि लोक त्याचं वाजवणं बघायला थांबतात. मूळ गोंधळ मूळ जागी आहेच, त्याला कुणी हात लावलेला नाही.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाही. ठग्ज ऑफ हिंदोस्तानची गाणी मला लागली नाहीत, सैराटच्या हिंदी रिमेकमध्ये, धडकमध्ये, झिंगाट हिंदीत गेलं तेव्हा त्यातली आपल्याकडची धग कमी झाली असं माझं स्पष्ट मत आहे. पण स्वतःची चाल दुसऱ्या भाषेत नेणं हा गुन्हा कसा? एसडी बर्मन आणि सलील चौधरींनी आपल्या बंगाली चाली हिंदीत आणल्या, त्याला आपण थोरवी म्हणतो. कोंबडी पळाली मराठीत आनंद शिंदे आणि वैशाली सामंतनं गायलेलं, त्याचंच अग्निपथमध्ये चिकनी चमेली झालं. चाल त्यांची, घर त्यांचं, ते कुठल्या खोलीत बसले हा त्यांचा प्रश्न. सैराटचा कन्नड रिमेक आला तेव्हाही चाली ह्याच होत्या, अक्कलकोटकडं कार्यक्रमाला गेलो की कन्नडवाल्या झिंगाटची फर्माईश येते आणि आम्ही खुशीनं वाजवतो.

राहिले तुझे काका. ते नाट्यसंगीतवाले आहेत म्हणालास ना, मग त्यांच्याशी झिंगाटवरनं भांडू नको, हाती काही लागणार नाही. त्यांना जोगवातलं जीव रंगला लावून दे. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ह्या पिक्चरसाठी अजय-अतुलना संगीताचा पुरस्कार आहे, आणि ह्याच गाण्यासाठी हरिहरनना गायकाचा, श्रेया घोषालला गायिकेचा (तिला सोबत एका बंगाली गाण्यासाठीही). पुरस्काराचं मात्र आधी सांगू नको. चांगल्या स्पीकरवर लाव, आवाज बेताचा ठेव, आणि हरिहरननी घेतलेल्या जागा ऐकून काका काय म्हणतात ते मला कळव.