सत्ताविसाव्या वर्षी कराटे? खुशाल ये

वय झालं म्हणतोस? स्पेनच्या सांद्रा सांचेझने पहिलं युरोपियन जेतेपद २०१५ ला मिळवलं, तेव्हा तिने तिशी ओलांडली होती. २०१८ ला जगज्जेती. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवायच्या प्रकारात, सुवर्ण मिळालं तेव्हा चाळिशीला दीड महिना कमी. फायनलला समोर जपानची कियो शिमिझू, गुण २८.०६ विरुद्ध २७.८८.

तिचा व्हिडिओ आवाज बंद करून बघ, नजर फक्त पायांवर. वळताना डोकं वरखाली होत नाही. तुझं होईल, सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. तिचे काता मात्र इतक्यात उचलायला जाऊ नकोस.

सध्या एवढंच:

- झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे एक पाय पुढे टाकून उभं राहण्याच्या पवित्र्यात, पुढचा गुडघा वाकलेला, मागची टाच जमिनीला चिकटलेली. टाच उचलली की ठोशातला जीव गेला.
- ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेच. नवखे हेच विसरतात, वर खांदे कानापर्यंत चढवतात.
- उंच किक नको. मी दुसऱ्याच महिन्यात हौसेने मारली आणि तीन आठवडे जिना एकेक पायरी करत उतरलो.

कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, हात आवरता यायला हवा. टोकियोतच सौदीचा तारेग हमेदी फायनलला ४-१ ने पुढे होता. त्याच्या किकने इराणचा सज्जाद गंजजादे बेशुद्ध पडला, फटका न आवरल्याबद्दल हमेदी बाद झाला आणि सुवर्ण गेलं गंजजादेला!

बेल्टचं एवढ्यात विचारू नकोस. आणि ड्रेस एक माप मोठा घे, सुती असतो, धुतला की आटतो.