सगळी कृपाच आहे: 'ग्रेस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: "जॉर्ज बर्नानोस यांच्या १९३६ सालच्या फ्रेंच कादंबरीचा अनुवाद करतो आहे. खेड्यातल्या एका तरुण धर्मगुरूची रोजनिशी. तिचं शेवटचं वाक्य आहे 'तूत ए ग्रास'. इंग्रजीतला 'ग्रेस' तो हाच. मी 'सर्व काही कृपा आहे' असं लिहिलं, पण वाक्य उभं राहत नाही. अनुग्रह लिहू की प्रसाद?"

कृपाच लिहा. तुमचा शब्द बरोबर आहे, वाक्याची बांधणी चुकली आहे. पण हे पटायला आधी तो प्रसंग डोळ्यांसमोर आणायला हवा.

आंब्रिकूर नावाच्या गावातला हा धर्मगुरू पोटाच्या कर्करोगानं मरतो आहे. अन्न पोटात टिकत नाही म्हणून वाइनमध्ये बुडवलेल्या पावावर त्यानं दिवस काढले आहेत. गावानं त्याला दारुडा ठरवलं आहे. मरण येतं तेही आपल्या घरात नाही, तर लील शहरात, धर्मगुरूपद सोडून दिलेल्या एका जुन्या मित्राच्या खोलीवर. त्या भागातल्या धर्मगुरूला निरोप गेला आहे, पण तो अजून पोचलेला नाही. रक्ताची उलटी झाली आहे. तो खुणेनं जपमाळ मागतो, ती छातीशी धरतो आणि मित्राकडेच पापांची क्षमा मागतो. मित्र संकोचतो, पण देतो. (मरण समोर असताना पद सोडलेल्या धर्मगुरूनं दिलेली पापक्षमाही कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं.) मग मित्र हळहळतो, की फादर वेळेवर आले नाहीत, तर मरणाआधीच्या संस्कारांचा आधार तुला मिळणार नाही. काही क्षणांनी मरणारा त्याच्या हातावर हात ठेवतो, कान जवळ आणायला डोळ्यांनी सुचवतो, आणि अगदी सावकाश म्हणतो: काय बिघडलं त्यानं? आणि मग ते तुमचं वाक्य.

हे शब्द मूळचे बर्नानोसचे नाहीत. फ्रान्समधल्या लिझ्यच्या मठातली तरुण संन्यासिनी तेरेझ १८९७ साली क्षयानं मरत होती. त्याच आजारपणात ती म्हणाली होती, की संस्कार मिळाले तर ती मोठीच कृपा, पण देवानं तसं घडू दिलं नाही तरी ते चांगलंच, सगळी कृपाच. म्हणजे हे वाक्य जन्मलं तेच मुळी 'न मिळण्या'च्या संदर्भात. बर्नानोसनं ते जसंच्या तसं उचलून त्याच जागी ठेवलं. अनुवाद करताना हे हातातून सुटता कामा नये.

आता शब्द. 'अनुग्रह' मला मनापासून आवडतो, पण मराठीत अनुग्रह घेतला जातो किंवा दिला जातो. त्याला गुरू लागतो, दिवस लागतो, मंत्र लागतो. "त्यांनी अमुक महाराजांचा अनुग्रह घेतलाय," असं आपण म्हणतो. इथे तर द्यायला येणारा माणूसच पोचलेला नाही.

'प्रसाद' हा अर्थानं फार जवळचा शब्द होता. पसायदानातला 'पसाय' म्हणजे प्रसादच, आणि ज्ञानदेवांच्या ओवीत तो केवढा विशाल आहे. पण तिथेही आधी वाग्यज्ञ आहे, देवानं तोषावं अशी विनवणी आहे, मग दान. नैवेद्य दाखवल्यावर प्रसाद, हा क्रम शब्दात मुरला आहे. शिवाय आजच्या वाचकाच्या तळहातावर प्रसाद म्हटलं की पेढा किंवा शिरा येतो. शेवटच्या ओळीला ते पेलणार नाही.

ख्रिस्ती श्रद्धेतल्या 'ग्रेस'चा गाभा हा, की ती कमावता येत नाही. मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायाच्या २३ व्या वचनात हा फरक दोन शब्दांत धरला आहे. पापाचं मिळतं ते 'वेतन', देवाचं मिळतं ते 'कृपादान'. वेतन आणि कृपादान! अनुवादकांनी किती नेमके शब्द समोरासमोर ठेवले आहेत. आपल्या रोजच्या बोलण्यातही हा अर्थ एका जागी शाबूत आहे: ग्रेस मार्क. पेपरात जे लिहिलंच नाही त्याचे मिळालेले गुण. "दोन मार्कांनी अडकला होता, ग्रेसवर सुटला," असं म्हणणाऱ्या आईच्या आवाजात जो सुटकेचा भाव असतो, तो त्या मूळ कल्पनेच्या फार जवळ आहे.

दया आणि कृपा यांत गल्लत करू नका, एवढं जाता जाता सांगतो. ग्रॅहॅम ग्रीनच्या १९३८ सालच्या 'ब्रायटन रॉक' या इंग्रजी कादंबरीत शेवटी एक म्हातारा धर्मगुरू रोझला, म्हणजे मेलेल्या एका गुंडाच्या तरुण बायकोला, देवाच्या 'मर्सी'च्या भयंकर अनाकलनीयतेबद्दल सांगतो. तिथे दया हवी, कारण प्रश्न एका गुन्हेगाराच्या आत्म्याचा आहे. दयेला समोर अपराधी किंवा दुःखी लागतो. कृपेला तसं काहीच लागत नाही.

मग 'सर्व काही कृपा आहे' का पडतं? मराठीत कृपा एकटी हिंडत नाही, ती कुणाची तरी असते. देवाची कृपा, गुरुकृपा, आपली कृपा असू द्यावी. दुसरं म्हणजे आपण ती चांगलं झाल्यावरच उच्चारतो. "कसं आहे?" "देवाच्या कृपेनं बरं आहे." वाईट झाल्यावर "तुझीच कृपा!" म्हटलं की तो टोमणा होतो. म्हणून 'सगळी देवाची कृपा' असं लिहिलंत तर वाचकाला ओसरीवरचं नेहमीचं बोलणं ऐकू येईल, आणि नको तिथे टोमण्याचा वासही येईल. मालक जोडू नका. फ्रेंचमध्येही त्या वाक्यात देवाचं नाव नाही. कृपा कुणाची, हे इतकी पानं वाचून आलेल्याला सांगावं लागत नाही.

हा भाव मराठीला परका आहे असं मात्र समजू नका. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली' हे तुकोबांचं म्हणणं आठवा. दिवाळं निघालं, दुष्काळानं पोळलं, आणि तोंडात शब्द 'बरें'. तुकोबा आणि तेरेझ यांच्या वाटा वेगळ्या, पण 'बरें जालें' ज्याच्या कानात आहे त्या वाचकाला हा मरणारा धर्मगुरू कळेल. तुम्ही 'काय बिघडलं?' लिहाल तेव्हा मागे कुठे तरी ते 'बरें' वाजू द्या.

आता बांधणी. 'सर्व काही' हे पुस्तकी आहे, मरणाऱ्याच्या ओठांवर ते बसत नाही. 'सगळं' नपुंसकलिंगी ठेवून 'सगळं कृपा आहे' केलंत तर कान अडखळतो. मराठीची घडण 'सगळा अंधारच आहे', 'सगळी गंमतच आहे' अशी असते. 'सगळं' हे पुढच्या नामाचं लिंग घेतं आणि जोर 'च' वाहतो. तो 'च' कुठे बसतो यालाही महत्त्व आहे. 'सगळीच कृपा' म्हटलं की कृपेचे बरेच प्रकार होते आणि ते सगळे, असं वाटतं. 'सगळी कृपाच' म्हटलं की जे जे घडलं ते दुसरं काही नव्हतंच. पामेला मॉरिस यांच्या इंग्रजी अनुवादात 'कृपा सर्वत्र आहे' अशा अर्थाचं वाक्य आहे. ऐकायला छान, पण त्यानं कृपा हवेसारखी आजूबाजूला पसरते. न पोचलेला फादर, पोटातला रोग, गावाची कुचेष्टा हीच कृपा आहे, हे त्यात हरवतं. तिकडे जाऊ नका.

आणखी एक. मित्र ज्या संस्कारांसाठी हळहळतो त्यांना 'अंत्यसंस्कार' लिहू नका. इंग्रजीवरून अनुवाद करताना ही चूक सहज होते, आणि आपल्या वाचकाला थेट स्मशान दिसतं. माणूस अजून जिवंत आहे. त्याला तेल लावायचं आहे, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली पवित्र भाकर, द्यायचा आहे. 'मरणाआधीचे संस्कार' असं सरळ लिहा.

मी लिहिलं असतं ते असं:

"काय बिघडलं त्यानं? सगळी कृपाच आहे."

'आहे' ठेवा. ते काढलं तर वाक्य उद्गार होतं, आणि तो उद्गार काढत नाहीये, सावकाश सांगतो आहे.