एनबीए २के या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सेंटर घेऊन खेळतो, पण बॉल कोणी देत नाही आणि ब्लॉकही होत नाही. गार्ड बनवू का?

बारावीत आहेस म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. निपाणीत चुलतभावांबरोबर खेळतोस, ते दोघं गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे, तू सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच गडी. बास्केटखाली उभा राहून बॉल मागतोस तर मिळत नाही, आणि ब्लॉकला, म्हणजे शॉट हवेतच अडवायला, उडी मारलीस की समोरचा नुसतं शॉटचं सोंग करून तुला हवेत सोडतो. गार्ड बनवू नकोस. खेळाडू बरोबर आहे, तू उभा चुकीच्या जागी राहायलास.

मी बेळगावात, शहापूरला. स्वतः पाच फूट चार इंच, म्हणून असेल कदाचित, पण पहिल्यापासून सेंटरच खेळतोय. पहिलं वर्ष पूर्ण वाया घालवलं. मग एकदा आमचे आजोबा मागं कॉटवर बसून बघत होते. तरुणपणी तालमीत जायचे, बास्केटबॉलचं त्यांना ओ की ठो माहीत नाही. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तुझा पैलवान सारखा वर काय बघायलाय? आधी अंगाला अंग लाव की."

रिबाउंडचं, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडायचं, सगळं गुपित तेवढंच आहे. शॉट सुटला की आपण सगळे बॉलकडं बघतो. बघू नकोस. आपला माणूस, म्हणजे ज्याला आपण राखतोय तो, शोध, त्याच्या आणि बास्केटच्या मध्ये घूस, प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरचं एल-टू दाबून धर म्हणजे तुझी पाठ त्याच्या छातीला लागते. उडीचं ट्रँगल बटण अगदी शेवटी, बॉल खाली यायला लागल्यावर. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला तर बॉल बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, आणि थ्रीचा, म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटचा, चुकलेला बॉल लांब उडतो. तेव्हा अगदी रिंगखाली चिकटून राहिलास तर तो डोक्यावरून जाणार. एनबीए या अमेरिकेतल्या लीगमधला जुना खेळाडू डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंचांचा, म्हणजे त्या जागेसाठी बुटकाच. तरी १९९२ ते १९९८ सलग ७ हंगाम तो एनबीएत रिबाउंडला पहिला होता. उंचीवर भागत असतं तर हे झालं नसतं.

ब्लॉकचं सांगायचं तर ट्रँगलवरचा अंगठा काढून ठेव. खरंच. दोन मॅच ब्लॉक करायचाच नाही असं ठरव, नुसता हात वर करून समोर उभा राहा. निम्मे शॉट तेवढ्यानंच चुकतात, आणि फाउलही लागत नाहीत. ऑनलाइन खेळताना तर हे जास्तच. पिंग, म्हणजे नेटमुळं होणारा उशीर, वाढलेला असला की स्क्रीनवर दिसतंय ते होऊन गेलेलं असतं, बघून उडी मारशील तर उशीरच होणार. (आमच्याकडं जुलैत पाऊस धरला की मी ऑनलाइन खेळणंच सोडतो. लाइटचाच भरवसा नाही तिथं पिंगचं काय घेऊन बसलास.)

आता बॉल का मिळत नाही ते. तू रिंगखाली ठाण मांडून बसतोस. एक तर ३ सेकंदांचा नियम आहे, त्या रंगवलेल्या पट्ट्यात बिनकामाचं जास्त थांबलास तर बॉल समोरच्याला. दुसरं म्हणजे तू तिथं असलास की तुला राखणारा माणूसही तिथंच असतो, मग भावानं आत घुसायचं कुठून? बाहेर ये, भावाला राखणाऱ्याच्या वाटेत स्क्रीन लाव, म्हणजे भिंतीसारखा आडवा उभा राहा. हलू नकोस, हललास की फाउल. भाऊ तुला घासून निघाला की लगेच वळून बास्केटकडं पळ. राखणारे दोघंही भावाच्या मागं धावले तर तू मोकळा. तुझाच माणूस मागं राहिला तर भावाला शॉट. गेममधल्या मायकरिअर या प्रकारात चांगल्या स्क्रीनला टीममेट ग्रेडही, म्हणजे संघासाठी कसा खेळलास त्याची श्रेणी, वाढते, आणि आपला माणूस सोडून भटकलास तर घसरते.

पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाठ लावून ढकलत न्यायचं तर आधी मागं कोण आहे ते बघ. स्विच होऊन, म्हणजे राखणाऱ्यांची अदलाबदल होऊन, गार्ड आला असेल तर खुशाल ढकल. तगडा सेंटर असेल तर नाद सोड, बॉल बाहेर दे. एनबीएतला सेंटर निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, ४१ वा निवडला गेला होता; २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. उडी काही फार नाही त्याची. पण बॉल हातात आला की बाकीचे चौघं कुठं आहेत ते त्याला दिसतं.

इतकं करूनही भावांनी बॉल दिला नाही तर एक क्वार्टर स्क्रीन लावायचं बंद कर. मी केलं होतं. आमचा गार्ड तिसऱ्याच वेळी बॉल घालवून माझ्याकडं वळला, "अरे, कुठं मेलास?"